वर्गणी अशी मागा की दरवर्षी मागावी लागेल

कोल्हापुरात फुटबॉल संघाला माणसं कमी पडत नाहीत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस ही नावं आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या तोंडात असतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठेतली कामं दुपारपासूनच ढेपाळतात. एवढं प्रेम आहे म्हणजे पैसाही मागोमाग येणार, या हिशेबाने तुम्ही आपल्या मंडळाचं सचिवपद घेतलं असेल तर अभिनंदन. आता फक्त रूढ पद्धत सोडू नका.

पहिला खर्च डिजिटल फलकाचा. 20 बाय 10 फुटांचा फलक करा. मधोमध नेते, त्यांच्या भोवती कार्यकारिणी, त्यांच्याखाली ‘इच्छुक’. जागा उरलीच तर खालच्या कोपऱ्यात गोलरक्षक. त्याचा एक हात कापला गेला तरी चालेल. गेल्या वर्षी जर्सी दिलेल्या दुकानदाराचं नाव इतकं बारीक छापा की त्याला स्वतःलाच ते शोधावं लागेल. अशा एका फलकाच्या पैशात सरावाचे दोन बरे चेंडू येतात. पेठेच्या 10 कोपऱ्यांवर 10 फलक लावलेत, की 20 चेंडूंची अडगळ टळली.

चेंडूंचं काय एवढं? 20 पोरांच्या सरावाला दोघांत एक म्हणजे 10 चेंडू लागतात, असं प्रशिक्षक सांगत राहील. त्याला दोन द्या. एक जण किक मारेल, बाकीचे रांगेत उभे राहतील. शिस्तीची सवय होईल. 10-11 वर्षांच्या पोरांना 4 नंबरचा चेंडू हलका पडतो म्हणून बरा असतो, पण कपाटात 5 नंबरचा आहे ना, मग तोच द्या. हवा भरताना सुई कोरडीच घुसवा. ग्लिसरिनचा थेंब लावला तर व्हॉल्व्ह फाटत नाही, ब्लॅडर गळत नाही आणि चेंडू वर्षभर टिकतो. मग पुढच्या वर्षी वर्गणी कशाची मागणार? हवेचा दाब गेजने मोजू नका. नियमात 0.6 ते 1.1 ॲटमॉस्फिअर लिहिलंय, पण आपल्याकडे अंगठा आहे.

बुटांचंही तसंच. उन्हाळ्यात सरावाचं मैदान फरशीसारखं कडक होतं, तिथे आखूड, साच्यातले रबरी स्टड लागतात. तुम्ही स्वस्तात मिळाले म्हणून लांब धातूचे आणा. ते जमिनीत रुतत नाहीत, पाय सटकतो, गुडघा फिरतो. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेचा आकडा लाखात गेला की पेठेत मदतफेरी काढता येते. हंगामाआधी खेळाडूंचा गट अपघात विमा उतरवला असता तर ही संधी हुकली असती.

आता वर्गणी. पावतीपुस्तकं एकदम आठ-दहा वाटा, कोणाकडे कोणत्या क्रमांकाचं गेलं ते लिहू नका. स्थळप्रतीवर रक्कम भरायची गरज नाही, लक्षात राहते. क्यूआर कोड खजिनदाराच्या भाच्याच्या खात्याचा लावा, कारण मंडळाचं खातं केवायसीअभावी बंद आहे. ते का बंद आहे, हे विचारणारा माणूस पेठेबाहेरचा समजावा.

तरीही सांगतो. मंडळाची नोंदणी आजोबांच्या काळात झाली. तेव्हाच्या सात विश्वस्तांपैकी पाच कैलासवासी, एक मुलीकडे पुण्यात आणि सातव्यांना आपण विश्वस्त आहोत हे आठवत नाही. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तुम्ही देऊ नका. अर्ज मंजूर झाला की बँकेत सह्या बदलतात, लेखापरीक्षण होतं, पुढे आयकर खात्याकडे देणगी-सवलतीची (‘80जी’ म्हणतात ती) नोंदणी मागता येते आणि देणगीदाराला करात सवलत मिळते. मग तो चेकने देऊ लागेल, कारण 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. चेकचा कागद राहतो. कागद राहिला की प्रश्न येतात.

दुकानदार दमले की मोर्चा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांकडे वळवा. सामना परवा असेल तर आज जा, पंधरा जण जा, साहेब जेवायला बसलेले असताना जा. अर्जात रक्कम लिहू नका, ‘यथाशक्ती’ लिहा. नेमकं काय हवं, किती नग, कोणत्या महिन्यात, बदल्यात काय देणार, असलं लिहिलं तर साहेबाला लगेच ‘हो’ म्हणता येईल आणि आपला चहा हुकेल.

‘सीएसआर’ हा शब्द मात्र जरूर वापरा. नफा 5 कोटींच्या वर असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, हे तुम्ही ऐकलंय, तेवढंच पुरे. छातीवर कंपनीचं नाव छापून त्याचे पैसे सीएसआरमधूनच मागा. जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत, ते जाहिरात खात्यातून निघतं आणि तिथला माणूस वेगळा असतो. दोन टेबलं, दोन अर्ज: जर्सीसाठी एक, पोरापोरींच्या प्रशिक्षणासाठी दुसरा. इतकी मेहनत कोण घेतो? शिवाय दुसऱ्या अर्जाला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी, ती ‘80जी’ आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. म्हणजे हजेरीवही. ती तुमच्याकडे नाही, डिजिटलचे फोटो आहेत. तेच जोडा.

चुकून पैसे आलेच तर आधी परदेशी खेळाडू आणा. अकादमीत 40 पोरं वर्षभर खेळवण्यापेक्षा एकाला हंगामापुरता आणणं सुटसुटीत. त्याचा व्हिसा कशाचा आहे ते पाहू नका. दुसऱ्या देशातल्या संघटनेकडे त्याची नोंद असेल तर आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र लागतं, ते हंगाम अर्धा झाल्यावर आठवू द्या. फ्लॅटवर ठेवलात की 24 तासांत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म भरायचा असतो. घरमालक भरेल असं तुम्ही धरा, तुम्ही भराल असं तो धरेल. पोलिस दोघांनाही समजावून सांगतात.

पेठेतली पोरं तोवर बाकावर बसतील. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, त्याचा फोटो मात्र फलकावर घ्या. अभिमानाला खर्च नाही.

सामन्याच्या दिवशी प्रायोजकाला पॅव्हेलियनमध्ये बसवा. समोरच्या गॅलरीतून बाटली आली की आपल्या बाजूने दगड गेला पाहिजे, नाहीतर पेठ काय म्हणेल? दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, त्यात पळणाऱ्या पोराच्या छातीवर कंपनीचं नाव ठळक दिसतं. फलकावर जे कधी दिसलं नाही ते पहिल्या पानावर दिसलं. पुढच्या वर्षी साहेब फोन उचलणार नाहीत. माणसं अशी कृतघ्न.

जिंकलात तर गुलाल, हलगी, डॉल्बी, मग जेवण. तांबडा-पांढरा पुरेसा सांगा. खेळाडूंसाठी पंगत 20 जणांची असते, जेवायला 300 येतात. शिल्लक तिथेच संपली पाहिजे, नाहीतर पुढच्या हंगामाची नोंदणी फी बाजूला काढण्याची भलती सवय लागेल.

एवढं करूनही बैठकीत एखादं शिकलेलं पोरगं ‘हिशेब’ म्हणालंच, तर चिडू नका. टाळ्या वाजवून त्यालाच खजिनदार करा. पावतीपुस्तकं जुन्या खजिनदाराकडेच राहू द्या.