साडेआठ हजार, आणि चार्जर वेगळा!

आत्ताच फोर्टातून घरी आले. चप्पल काढल्या काढल्या लिहायला बसलेय, कारण हे कोणाला तरी ऐकवल्याशिवाय घास उतरणार नाही. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

भाचीला वाढदिवसाला डिजिकॅम हवाय. डिजिकॅम म्हणजे आपल्या वेळचा तो चपटा, चंदेरी, शर्टाच्या खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा. तिच्या कॉलेजात सगळ्या मुलींकडे आहे म्हणे. म्हणून दोघी बोरा बाजारात गेलो. एका दुकानात काचेच्या कपाटात असे कॅमेरे ओळीनं मांडले होते, खाली मखमलीचं कापड वगैरे. एक हातात घेतला. पाच मेगापिक्सेल, तीनपट झूम, कडांचा रंग उडालेला, स्क्रीनवर आडवा ओरखडा. किंमत साडेआठ हजार. चार्जर? "वो अलग से मिलेगा, मॅडम." एवढे कशाचे हो? तर म्हणे, "सीसीडी है मॅडम, सीसीडी. एकदम फिल्म जैसा आता है." सीसीडी म्हणजे या जुन्या कॅमेऱ्यांतली प्रकाश टिपणारी चकती.

मंडळी, हेच कॅमेरे आपण मधल्या काळात ड्रॉवरमध्ये कोंबले, पोरांना खेळायला दिले, भंगारात घातले. आणि आता त्यांना मखमल!

त्या पोराचंही पोट आहे, ठीक आहे. पण मला 'सीसीडी' ऐकवू नका. मी हा प्राणी पाळलेला आहे.

२००५ सालचा श्रावण. २६ जुलैच्या पुरानंतरचा. शहर अजून वाळत होतं, आमच्या चाळीत जिन्यापासून उशांपर्यंत सगळ्याला दमट वास होता, आणि ताईची पहिली मंगळागौर होती. मामेभावानं सिंगापूरहून असाच एक कॅमेरा आणला होता आणि तो माझ्या हातात देऊन म्हणाला होता, "तू काढ गं फोटो, मला बायकांच्यात नको पाठवूस." गिरगावातली दोन खोल्यांची जागा, वर एक ट्यूबलाइट, खाली नऊवारीतल्या पंधरा-वीस बायका. जागरण रंगात आलेलं, फुगड्या चाललेल्या. मी बटण दाबायचे आणि कॅमेरा विचार करत बसायचा. आधी लेन्स पुढेमागे करून फोकस शोधणार, मग फ्लॅशची तयारी, मग कुठे फोटो. तोवर फुगडी फिरून गेलेली असायची. माझ्याकडे त्या रात्रीचे अंबाडे भरपूर आहेत. गजऱ्यासकट. चेहरे मोजके.

भाचीला कॅमेरा हवाय तो ताईच्या त्या मंगळागौरीच्या अल्बममुळे, हे तिनं आज ट्रेनमध्ये सांगितलं. मला वाटत होतं, इन्स्टाचं खूळ असेल. आहेच म्हणा थोडं. पण ती म्हणाली, "मावशी, त्या फोटोंत आई खरी दिसते. फोनमध्ये सगळे एकसारखे गोरे होऊन येतात." यावर मी काय बोलणार?

तिला काय दिसतंय ते मला कळतं. पण त्याचं श्रेय सीसीडीला देऊ नका. आजच्या कॅमेऱ्यांत त्या चकतीच्या जागी सीमॉस नावाची दुसऱ्या जातीची चकती असते. रंग कसे येणार हे त्या चकतीवरचे रंगीत फिल्टर आणि आतला प्रोसेसर काय करतो यावर जास्त अवलंबून असतं. त्या फोटोंची खरी जादू फ्लॅशमध्ये आहे. त्या जुन्या कॅमेऱ्याच्या डबीत झेनॉन वायूचा फ्लॅश असतो, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाइतक्या वेळात लख्ख उजेड फेकणारा. फोनचा फ्लॅश म्हणजे एलईडीचा दिवा, त्याच्यानं हलता माणूस गोठत नाही. मंगळागौरीच्या अल्बममध्ये जो एक फोटो सगळ्यांना आवडतो तो झेनॉनचा आहे. ताई फुगडीत मागे झुकलीय, नथीचा मोती चमकतोय, एक बट हवेत थांबलीय, कपाळावरच्या घामाचे थेंबसुद्धा मोजून घ्या. मागची भिंत मात्र काळीकुट्ट, आणि शेजारच्या काकूंचे डोळे लालभडक. फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो ना, त्याचा उजेड सरळ डोळ्याच्या पडद्यावर जाऊन परत येतो, म्हणून ते लाल डोळे. कॅमेरा जेवढा लहान तेवढा हा त्रास जास्त. 'रेड आय'चं बटण होतं, पण ते दाबलं की आधी दिवे मिचकावून मग फोटो काढायचा, म्हणजे तोवर आणखी एक अंबाडा.

आणि फोन काय करतो? एकापाठोपाठ अनेक फोटो काढतो, ते एकमेकांवर बसवतो, सावल्या उजळतो, कातडी गुळगुळीत करतो. फोटो निर्दोष येतो. पण भाची म्हणते ते खोटं नाही, त्यात घाम उरत नाही.

आता मी कोणाच्या बाजूनं बोलतेय असं विचाराल. थांबा, दुकानातला राग अजून संपलेला नाही.

तो पोरगा तिला झूम दाखवत होता. बारापट! त्यातलं तीनपट खरं भिंगाचं, बाकीचं चारपट म्हणजे तोच फोटो कापून मोठा केलेला. हे दुकानदारानं सांगायला नको? शिवाय खऱ्या झूमचीही गंमत आहे. सगळा झूम पुढे काढला की अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत भिंगाचं तोंड एफ २.८ वरून एफ ४.९ च्या आसपास येतं (आकडा मोठा तेवढं तोंड लहान), म्हणजे आत येणारा उजेड जवळजवळ तिसरा हिस्सा. साडेतीन मीटरपर्यंत पोचणारा फ्लॅश मग दोन मीटरवर दम सोडतो. म्हणून ज्यांनी ज्यांनी हे कॅमेरे वापरलेत त्यांना ठाऊक आहे, झूम करायचा नाही, पायानं पुढे जायचं. त्या रात्री मीही जवळजवळ पिंग्यात शिरूनच फोटो काढत होते, दोनदा कोपर खाल्लं.

बाकी उजेड कमी असला की या डबीचं काही खरं नाही. साधं कारण आहे. आतली चकती नखाएवढी, साधारण सहा मिलिमीटर बाय साडेचार. मोठ्या फुलफ्रेम कॅमेऱ्यात तीच ३६ बाय २४ मिलिमीटर असते. आणि हे ऐकून भाचीचं तोंड उघडंच राहिलं: आजच्या चांगल्या फोनमधली चकती या जुन्या डबीतल्या चकतीपेक्षा मोठी असते. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळायला वाढवायचा तो आकडा, ८० वर असला की दुपारच्या उन्हात फोटो सुरेख. ४०० वर कण दिसायला लागतात. त्याच्या पुढे गेलात की नऊवारीची जर आणि मागची भिंत एकाच पिठात मळल्यासारखी. त्यात बहुतेक डब्या फक्त जेपेगच देतात, म्हणजे कॅमेऱ्यानंच शिजवून, दाबून लहान केलेली फाइल, नंतर हात फिरवायला जागा फारशी नाही. हो, काहींना हादरा सांभाळणारी लेन्स असते. पण ती आपला हात सांभाळते, फुगडी घालणाऱ्या बाईला नाही!

(आणि ज्यांना 'फिल्मसारखं' हवंय त्यांना विसर्जनाच्या रात्रीचा व्हिडिओ काढायला सांगा या सीसीडीवर. प्रत्येक झगझगीत दिव्यातून वरपासून खालपर्यंत एक उभी जांभळट रेघ. फिल्म म्हणे!)

पण एक मला मनापासून मान्य आहे आणि ते लिहिताना माझा आवाज खाली येतोय. ज्यांनी ही डबी बनवली ते लोक वेडे होते. मिनोल्टानं २००२ साली अख्खी झूम लेन्स कॅमेऱ्याच्या पोटात आडवी निजवली, आत प्रिझम ठेवून उजेड काटकोनात वळवला. बाहेर काहीच येत नाही, नळी नाही, घरघर नाही. कॅसिओनं त्याच वर्षी ११.३ मिलिमीटर जाडीचा कॅमेरा काढला, एक्झिलिम. फोकस कायमचा ठरलेला, झूम नाही, सव्वा मेगापिक्सेल. हसाल तुम्ही. पण तो लोकलच्या गर्दीत वरच्या खिशात राहायचा, आणि जवळ असलेलाच कॅमेरा फोटो काढतो. दुकानात मी त्यातलाच एक उचलला तेव्हा अंगठा आपोआप बटणावर गेला. बोटांना अजून आठवतं सगळं.

अर्धं बटण. हो, हे सांगायचं राहिलंच. त्या रात्री उशिरा, भजी आल्यावर, मामेभाऊ दारातून ओरडला, "अगं, बटण आधी अर्धंच दाबून धर. फोकस होऊ दे, हिरवी चौकट आली की वाट बघ आणि मग पूर्ण दाब." त्यानंतरचे फोटो माणसांचे आहेत. नथीचा तो त्यातलाच. पुढे माणूस यायच्या आधी फोकस बांधून बसायचं आणि क्षणाची वाट बघायची. फोनवर हे कोणी करत नाही, करावं लागतही नाही, दहा काढून नऊ पुसायचे. आमच्याकडे २५६ एमबीचं कार्ड होतं आणि फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत तो केशरी दिवा मिणमिणत बसायचा. त्या चारपाच सेकंदांत तुम्ही समोर बघता. मला हे आवडायचं. कोणी याला आळशीपणाचं कौतुक म्हणेल, म्हणू दे.

पण म्हणून साडेआठ हजार? नाही म्हणजे नाही! ज्याची लेन्स उघडताना वाळू चावल्यासारखा आवाज येतो त्याला? ती पुढे येणारी नळी प्रत्येक वेळी आत हवा ओढते, हवेबरोबर खिशातली धूळ. मुंबईच्या दमटपणात ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या भिंगावर बुरशीची जाळी धरते ती वेगळी. एक दिवस 'लेन्स एरर' येतो आणि संपलं. दुरुस्तीला सुटा भाग मिळत नाही, मिळाला तर कॅमेऱ्यापेक्षा महाग. मी त्या पोराला म्हटलं, लेन्सवर टॉर्च मारून दाखव. त्यानं दाखवला. जाळी होती. "पुसलं की जातं," म्हणाला. आतल्या बाजूची बुरशी बाहेरून पुसून जाते, हे मला आज कळलं!

भाची गप्प उभी होती. तिला वाटलं मावशी नाहीच म्हणणार. मी नाही म्हटलेलं नाहीये. त्या दुकानाला नाही म्हटलंय. बाहेर आल्यावर तिला म्हणाले, घेऊ, पण बघून घेऊ. नाक्यावर उसाचा रस पाजला, तरी तोंड फुगलेलंच.

तर आता काम तुम्हाला. तुमच्यातल्या निम्म्यांच्या कपाटात ही डबी नक्की आहे, लग्नात आहेर आलेली. काढा बाहेर. बॅटरी फुगली असेल तर चालेल, ती नवीन मिळते. तारीख दरवेळी जानेवारीची पहिली दाखवत असेल तरी चालेल, आतला छोटा सेल उतरलेला असतो, तेवढंच. लेन्स सरळ उघडली पाहिजे आणि टॉर्च मारल्यावर आत कोळिष्टक दिसता कामा नये. मूळ चार्जर असेल तर चहा आणि बटाटेवडा माझ्याकडून. पैसेही देईन, रीतसर. एसडी कार्डवाला हवा, आणि फार जुना असेल तर दोन जीबीपर्यंतचंच कार्ड घेतो, ते शोधून ठेवलंत तर उपकार होतील. मेमरी स्टिकवाला कृपा करून नको, त्या कार्डासाठी परत बोरा बाजारात वणवण करायला मी जाणार नाही.