कुत्रा घुटमळला म्हणून हसण्याआधी दोरी कोणाच्या हातात आहे ते बघा

आज सकाळी एका ग्रुपवर व्हिडिओ आला. बेपत्ता माणसाचा माग काढायला आणलेला पोलिसांचा कुत्रा चौकात थांबतो, गोल फिरतो, मागे येतो, परत गोल फिरतो. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. 'पोसा अजून असले कुत्रे' अशा कॉमेंट. टाकणारे सगळे चांगले शिकलेले लोक. दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

तो कुत्रा गोंधळला नव्हता हो, काम करत होता! माणूस चालताना त्याच्या अंगावरून त्वचेचे बारीक कण सतत गळत असतात. घाम आणि जिवाणूंमुळे त्यांना ज्याचा त्याचा वास येतो. हे कण पावलांच्या ठशात गुमान बसून राहत नाहीत. वारा त्यांना भिंतीच्या कडेला, गवतात, गटाराच्या काठाला नेऊन टाकतो. ओल्या, थंड जमिनीवर वास टिकतो, तापलेल्या डांबरावर भराभर उडतो. चौकात तर चारी बाजूंचा वारा आणि शंभर माणसांचे वास एकात एक मिसळलेले. तिथे कुत्रा फिरणार नाही तर काय करणार? नॉर्वेतल्या संशोधकांनी 1993 मध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांवर केलेलं निरीक्षण प्रसिद्ध आहे. माग सापडला की कुत्रा आधी वेग कमी करतो, दोन ते पाच पावलांचे ठसे हुंगतो, त्यावरून माणूस कुठल्या दिशेने गेला ते ठरवतो आणि मगच पुढे निघतो. तुम्ही ज्याला हसताय ते हे ठरवणं असतं.

मी हे जवळून पाहिलंय. एकदा ओळखीतून श्वान पथकाच्या सरावाला माग टाकायला गेले होते. म्हणजे सुरुवातीला आपला वापरलेला रुमाल ठेवायचा, सांगितलेल्या रस्त्याने चालत जायचं आणि शेवटी लपून बसायचं. मोकळ्या माळावर फाटकाकडे जाणारी ठळक पायवाट होती. मला ती मध्येच सोडून डावीकडे गवतात शिरायला आणि एका पडक्या भिंतीमागे बसायला सांगितलं होतं. भिंतीच्या फटीतून सगळं दिसत होतं. कुत्रा नाक जमिनीला लावून आला, वळणावर थबकला आणि मान झटक्यात माझ्या दिशेला वळली. अंगावरचा हार्नेस ताणला गेला. आणि हँडलरने, म्हणजे दोरी धरून कुत्र्यासोबत चालणाऱ्या पोलिसाने, दोरी आखडली. त्याच्या मते माणूस पायवाटेनेच जाणार ना! कुत्र्याने एकदा मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने फाटकाकडे निघाला.

ते पाहणं मला अजून विसरता येत नाही. कुत्र्याला ठाऊक होतं, तरी त्याने आपल्या माणसाचं ऐकलं.

सराव संपल्यावर प्रशिक्षकांनी रागवारागवी केली नाही. एवढंच विचारलं, "वळणावर दोरी कोणी ओढली?" हँडलर खाली मान घालून उभा. वयाने लहान होता, मला वाईट वाटलं त्याचं. पण प्रश्न बरोबरच होता. कुत्र्याचं नाक निसर्गाने दिलेलं असतं. झेक संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलंय की नीट शिकवलेले कुत्रे एका घरात राहणाऱ्या एकसारख्या जुळ्यांचाही वास वेगळा ओळखतात. त्या नाकाला काय शिकवणार आपण? शिकवायचं ते दोरीच्या या टोकाला. दोरी कधी सैल सोडायची, कुत्र्याची शेपटी, कान, श्वासाचा आवाज बदलला की काय समजायचं, त्याने माग सोडलाय हे कसं ओळखायचं. सगळ्यात अवघड म्हणजे आपल्या डोक्यातला अंदाज दोरीतून खाली जाऊ द्यायचा नाही.

त्याच 2011 मध्ये कॅलिफोर्नियात कुत्रा आणि हँडलर अशा 18 जोड्यांवर एक प्रयोग झाला. इमारतीत काहीही लपवलं नव्हतं, पण हँडलरना सांगितलं होतं की लपवलंय. बहुतेक फेऱ्यांत 'सापडलं' अशी नोंद झाली! ते कुत्रे अमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणारे होते, माग काढणारे नव्हते, हे मान्य. पण हँडलरचं मन सगळीकडे सारखंच.

म्हणून मला राग येतो तो अशा सरावाचा, जिथे माग कुठून गेलाय हे हँडलरला आधीच ठाऊक असतं. तो सराव नाही, प्रदर्शन आहे. सोबत चालणाऱ्यांपैकी एकालाही रस्ता माहीत नसावा, तरच दोघं खरं शिकतात. आणि जोडी जमली की हँडलरची बदली करायची, नव्या माणसाच्या हातात कुत्रा द्यायचा, आणि मग विचारायचं की माग का लागत नाही? दोघांना एकमेकांची भाषा कळायला किती महिने जातात याची कोणाला फिकीर आहे?

हो, कुत्रे चुकतात. काही माग खरंच मेलेले असतात, म्हणजे वासच उरलेला नसतो, तिथे कोणीच काही करू शकत नाही. आणि कुत्रा एखाद्याच्या दारात जाऊन बसला म्हणून तो माणूस गुन्हेगार ठरत नाही, ठरूही नये. कोर्टात कुत्रा बोलत नाही, हँडलर बोलतो. मग त्या हँडलरने दोरी ओढली होती की नाही, हे त्याला छातीवर हात ठेवून सांगता आलं पाहिजे.

त्या दिवशी त्याच जोडीला दुसरा माग दिला. या वेळी दोरी सैल होती, इतकी की मध्ये गवतात लोळत होती. कुत्र्याने वळणावर एक पूर्ण चक्कर मारली. हँडलर जागचा हलला नाही, चेहऱ्यावर घाम, पण हलला नाही. मग सरळ माझ्याकडे. ओलं नाक माझ्या बुटावर टेकलं आणि तो खाली बसला. हँडलरने खिशातून चेंडू काढला आणि गुडघ्यावर बसून त्याच्याशी इतकं हळू बोलला की मला एक शब्द ऐकू आला नाही. लिहिताना आत्ताही बरं वाटतंय.

देव न करो, पण घरातलं कोणी वयस्कर माणूस न सांगता बाहेर पडलं आणि सापडेना, तर श्वान पथक येईपर्यंत त्यांच्या अंथरुणाला, उशीच्या अभ्र्याला हात लावू नका. घर आवरू नका. दारातून कोण कोणत्या दिशेने शोधायला गेलं ते लक्षात ठेवा. कुत्र्याला वास द्यायचा कपडा हँडलरलाच उचलू द्या. आणि कोणी आधीच हात लावला असेल तर त्याने लपवू नये, तिथेच थांबावं. कुत्र्याला हात लावणाऱ्याचा वास घेऊ दिला की कपड्यावरच्या वासातून तो माणूस वगळता येतो आणि जो उरतो त्याच्या मागे कुत्रा निघतो.