काकूंच्या कमरेची किल्ली

एका कादंबरीची ओळख करून देणारा लेख वाचला. तिच्यातल्या तीन पिढ्यांच्या बायकांबद्दल लिहिताना ‘मानलेल्या नात्याला कागद लागत नाही’ असं त्या लेखात म्हटलंय. रोजच्या जगण्यात नसेल लागत. इंदूरला रामबागेत माई, त्यांच्याकडे भाड्याने राहणाऱ्या काकू आणि कॉलेजातली मी, अशी आमची एकच चूल होती. पोह्यांवर शेव किती घालायची यावरून भांडणंसुद्धा अगदी सख्ख्यांसारखी! माईंचं शेवटचं आजारपण काकूंनीच काढलं.

तेराव्याला माईंच्या यजमानांचे पुतणे उगवले. एरवी दिवाळीलाही न फिरकणारे. त्यांनी किल्ली मागितली, काकूंनी कमरेची काढून मुकाट्याने हातावर ठेवली. मृत्युपत्र नव्हतंच. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूलबाळ नसलेल्या विधवेची स्वकमाईची मालमत्तासुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरचे त्यानंतर. मानलेली माणसं त्या यादीत कुठेच नाहीत. आणि ते घर माईंनी शिक्षिकेच्या पगारातून बांधलेलं, बरं का. कादंबरीतली आजी मृत्युपत्र करते की नाही, एवढं तरी लेखात सांगायचं होतं. मी पुस्तक घेतलं तर आधी तेच पान शोधणार.