आधी दावं सोडा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ पडला. काल रात्री गच्चीवरून काढलेला. नाशिकजवळच्या चामरलेणीच्या डोंगरामागच्या अंगाला वणवा लागलाय, अंधारात केशरी रेघ सरकतेय आणि वरून कसलंसं वाजतंगाजतं संगीत चिकटवलंय. खाली ओळ: 'यंदा दिवाळी लवकर आली'. त्यावर बदामांची रांग. मी विचारलं, डोंगराखालच्या वस्तीवरच्या गोठ्यांचं काय झालं, कुणाला माहीत आहे का? उत्तर आलं, 'माणसं सेफ आहेत ताई, टेन्शन नको.'

टेन्शन नको म्हणे. ह्याच सोसायटीत लॅब्राडॉरच्या वाढदिवसाला क्लबहाऊस सजवतात. दुपारपर्यंत गप्प बसले, आता लिहितेच.

मामाचं घर त्र्यंबकच्या पलीकडे, हरसूलच्या वाटेला, डोंगराला खेटून. काही वर्षांपूर्वी होळीच्या आसपास तिकडे वणवा उतरला. वणवा चढावर पळतो, उताराला रेंगाळतो, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळे निवांत होते. पण रात्री वारा फिरतो, डोंगरावरून खाली वाहायला लागतो आणि कुसळी गवत तर वाळून खडखडीत झालेलं असतं. गाडी आली, भोंग्यावरून सांगितलं, सगळ्यांनी शाळेत चला. पोरं, म्हातारी माणसं, कागदपत्रांची पिशवी, गॅसची टाकी, सगळं निघालं. मामी अर्ध्या वाटेतून मागे फिरली. लोकांनी अडवलं तर एवढंच म्हणाली, 'म्हस बांधलेली हाये.'

भोंग्यावरून कुणी सांगितलं नव्हतं की निघताना जनावरं सोडा. तो एक शब्द सांगायला काय लागतं?

आणि हे कुणी मायेचं कौतुक म्हणून वाचू नका. माया होतीच, पण त्या घरात रोख पैसा येतो तो दुधाचा. म्हैस गेली की पोराची फी गेली, गावच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकला. जनावरं मागे ठेवून माणसं हलवली की माणसं परत फिरणारच, हे ज्यांना कळत नाही त्यांनी आराखडे करू नयेत. २००५ मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या कितीतरी लोकांनी कुत्र्यामांजरांना सोडून घराबाहेर पडायला नकार दिला. तेव्हा कुठे २००६ मध्ये अमेरिकेने कायदा केला, की आपत्तीच्या आराखड्यात घरातले पाळीव प्राणी धरायलाच हवेत. त्यातही गाईगुरं नाहीतच. म्हणजे शहाणपण तिकडेही अर्धंच आलं.

वनरक्षकाने आधी माणूस बघायचा, हे मान्य. कोंबडीसाठी कुणाच्या पोराने आगीत उडी घ्यावी असं मी म्हणत नाही. आणि हो, वणवे बहुतेक वेळा आपलीच माणसं लावतात, कुणी नवं गवत फुटावं म्हणून, कुणी मोहाच्या झाडाखालचा पाला जाळायला, कुणी नुसती विडी फेकून. माहीत आहे मला. पण गोठ्यातल्या वासराने विडी ओढलेली नसते.

तर मामी गोठ्यात पोचली तेव्हा आत धूर भरलेला. म्हैस साखळीला. आकडा तापलेला, आणि जनावर आपल्याच अंगाने ओढत असलं की आकडा निघत नाही, तो अजून आवळतो. पदर हाताला गुंडाळून तिने तो काढला, तळहातावर डाग अजून आहे. वासरू होतं नायलॉनच्या दोराला. हल्ली सगळीकडे तोच दोर, स्वस्त पडतो, पावसात कुजत नाही. पण नायलॉन आगीत वितळतो आणि कातडीला चिकटतो. कोयत्याने कापला तिने, पण मानेभोवतीचा वेढा तसाच राहिला. तो वासराच्या मानेत रुतून बसलेला मी दुसऱ्या दिवशी पाहिला. हिरवा दोर, काळा पडलेला, आणि त्याच्या कडेने केस नाहीत. चौथ्या दिवशी वासरू गेलं.

म्हणून उन्हाळाभर तरी गळ्यात सुती नाहीतर तागाचं दावं घाला आणि खुंट्याला सुरगाठ मारा, एका झटक्यात सुटली पाहिजे. कोयता गोठ्याच्या दाराशी टांगलेला हवा, घरात नाही. वैरणीची गंजी गोठ्याला टेकून रचू नका. हे सांगितलं की मामा म्हणतो, 'मग पावसात भिजलेला कडबा तू खाशील का?' मामाचं बरोबर आहे, पाऊस जूनला येतो. वणवा फेब्रुवारीपासून येतो.

आता सगळ्यात वाईट भाग. मामीने सगळी जनावरं बाहेर काढली आणि डांगी गाय वळून परत गोठ्यात गेली. खरंच गेली. बाहेर आरडाओरडा, धूर, ठिणग्या, आणि तिच्या लेखी जगातली एकमेव सुरक्षित जागा म्हणजे तिची गव्हाण. घोडेही असंच करतात. जनावर बाहेर काढलं की पाठीमागे दार ओढून घ्यायचं असतं, फाटक लावायचं असतं, आणि हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. मामेभाऊ ओलं पोतं घेऊन आत शिरला, तिच्या डोळ्यांवर टाकलं आणि वेसणीला धरून काढली. मामी बाहेरून ओरडत होती, 'म्हशीला पुढं घाल रं, तिच्या मागं येत्यात सगळी!' आणि आलीच. कळपाला एक पुढारी असतो, शेळ्यांमध्येही असतो, तो हलला की बाकीची हलतात. मामीला हे ठाऊक होतं, तिला आजवर कुठल्या प्रशिक्षणाला बोलावलेलं नाही.

लिहिता लिहिता हात थरथरतोय. थोडं थांबते.

चहा घेऊन आले. बरं, पुढचं ऐका. वासरू गेल्यावर मामाने त्याला पुरलं. उन्हाळा होता, काय करणार? आठवड्याने कुणीतरी सांगितलं, भरपाई मिळते. मिळते हे खरंच आहे. आपत्ती निधीच्या २०२२ च्या निकषांत आग धरलेली आहे, दुभत्या गाईम्हशीला ३७,५०० रुपये, वासराला २०,०००, शेळीला ४,०००. मामा एका कार्यालयात गेला. तिथे विचारलं, पंचनामा कुठे, शवविच्छेदन कुठे? म्हणाला, साहेब, पुरलं. 'मग पुरावा काय?' मामा काही न बोलता परत आला. तो बोलणाऱ्यातला नाहीच. त्याच्या जागी मी असते तर त्या टेबलावर तो हिरवा दोर नेऊन ठेवला असता.

मेलेल्या जनावराचा भाव ठरलेला आहे, आणि जिवंत जनावर हलवायचं कसं, हे मात्र ज्याचं त्याने बघायचं. २०२७ च्या कुंभासाठी किती माणसं येणार, किती गाड्या, किती शौचालयं, सगळ्याचे हिशेब चाललेत. चालू देत, हवेतच ते. पण एका तालुक्यात वणव्याच्या रात्री जनावरं कुठल्या माळावर न्यायची, तिथे पाणी कोण भरणार, एवढा एक कागद कुणाकडे आहे का?

वाचलेल्या जनावरांनाही दुसऱ्या दिवशी नुसतं 'वाचली बिचारी' म्हणून सोडू नका. तापल्या जमिनीवरून चाललेल्या खुरांचं दुखणं कधी कधी खूप दिवसांनी वर येतं. सड भाजलेले असतात, धुराने छाती भरते. मामीच्या म्हशीने पुढे कितीतरी दिवस धार काढू दिली नाही. १९६२ ला फोन करा, फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो. कधी उशिरा येतो, पण येतो. आणि वणवा दिसला की व्हिडिओ काढायच्या आधी १९२६, वनखात्याचा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाला आग दिसली की मोबाइलवर मेसेज पाठवते, आपण साधी माणसंही तिथे नाव नोंदवू शकतो. मी नोंदवलंय.

फ्लॅटवाल्यांनो, तुमच्यासाठीही आहे. आग लागली की मांजर पलंगाखाली शिरतं आणि हाकेला येत नाही. मांजर न्यायची ट्रॅव्हल बॅग माळ्यावरून काढून खाली ठेवा. बॅग नसेल तर उशीचा अभ्रा चालतो.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगीतून घोडे ट्रेलरमध्ये घालून बर्बँकला नेत होते, तुम्ही पाहिलं असेल. आपल्याकडे ट्रेलर कुठून आणणार, असं म्हणाल. नाहीत, मान्य. पण वणव्याच्या ऐन महिन्यांत दिंडोरीपासून पिंपळगावपर्यंत द्राक्षांच्या पिकअप रात्रभर धावत असतात. ज्यांच्या ओळखीत पिकअपवाले आहेत आणि जे त्र्यंबक, पेठ, इगतपुरीकडे रात्री निघायला तयार आहेत, त्यांनी मला मेसेज करा. नंबर कमेंटमध्ये टाकू नका. मी गावनिहाय यादी करतेय. क्रेट आधी उतरवून ठेवायचे, आणि हौद्यात थोडी माती पसरायची, नाहीतर खुर घसरतात आणि म्हैस चढत नाही. पेंढा नको, ठिणगी पडते.