‘छोटी इलेक्ट्रिक गाडी नोकरदाराच्या कामाची नाही’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक लांबलचक संदेश सध्या पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे. रोज कामावर जाण्यासाठी छोटी इलेक्ट्रिक गाडी घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, कारण कंपनी अडीचशे किलोमीटर सांगते आणि गाडी जेमतेम शंभर जाते. वाहतूक कोंडीत एसी लावून तीन तास अडकलात, तर ती रस्त्यातच मान टाकते. पाच वर्षांत बॅटरी संपते आणि नवी घ्यायची तर गाडीचीच किंमत मोजावी लागते. पावसाच्या पाण्यात ती बंद पडते, उन्हात पेट घेते. वीज कोळशावरची असल्याने प्रदूषणही कमी होत नाही, आणि विजेचे बिल पाहिल्यावर डोळे पांढरे होतात. शेवटी, जाता जाता, ‘आणि सोसायटी चार्जरला परवानगी देत नाही’ असे अर्धे वाक्य येते.

या सर्व मुद्द्यांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. काही साफ चुकीचे आहेत, एक-दोन अर्धवट खरे आहेत, आणि जो सर्वांत खरा आहे त्यालाच संदेशाने सर्वांत कमी जागा दिली आहे. हवेत बोलण्यापेक्षा एक ठरावीक प्रवास समोर ठेवतो : पुण्यातील वडगाव बुद्रुकहून नवले पूल, वारजे, चांदणी चौक आणि वाकड या मार्गाने हिंजवडीचा तिसरा टप्पा. एका वेळचे अंतर पंचवीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन पन्नास, आणि महिन्याचे कामाचे दिवस चोवीस.

पहिला मुद्दा पल्ल्याचा. कंपनीचा आकडा रस्त्यावर मिळत नाही हे खरे आहे, पण त्यात लपवाछपवी फारशी नाही. हा आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगचक्रानुसार आणि एसी बंद ठेवून काढला जातो. अशा चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, आणि तिच्या नावाच्या टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी तरी या आकड्याला वेदवाक्य मानू नये. टाटा टियागो ईव्ही ही छोटी इलेक्ट्रिक गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये आली, तेव्हा तिच्या १९.२ किलोवॅट-तासांच्या लहान बॅटरीचा पल्ला २५० किलोमीटर सांगितला गेला होता. एक किलोवॅट-तास म्हणजेच विजेच्या बिलातले एक युनिट, तेव्हा हे झाले एका युनिटला तेरा किलोमीटर. शहरी रहदारीत, एसी चालू ठेवून, एका युनिटला आठ ते नऊ किलोमीटर धरणे शहाणपणाचे ठरते. त्या हिशेबाने पूर्ण चार्जवर दीडशेच्या आसपास किलोमीटर मिळतात. एमजी कॉमेट या दुसऱ्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची आहे, तिचा पल्ला थोडा कमी येईल. संदेशातले शंभर किलोमीटरही अगदी अशक्य नाहीत : द्रुतगती मार्गावर सतत शंभरच्या वेगाने गाडी हाकली, तर पल्ला त्याच्या जवळपास येऊ शकतो. पण रोजच्या पन्नास किलोमीटरांसाठी दीडशे काय आणि शंभर काय, दोन्ही पुरतात. येथे विचारायचा प्रश्न गाडी किती जाते हा नसून आपल्याला किती जायचे आहे हा आहे.

दुसरा मुद्दा कोंडीचा. हा सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत सहज खोडता येणारा मुद्दा आहे. पेट्रोल गाडी उभी असतानाही इंजिन इंधन पीत राहते, म्हणून आपल्याला वाटते की इलेक्ट्रिक गाडीतही तसेच होत असावे. पण इलेक्ट्रिक गाडी उभी असताना मोटर जवळजवळ काहीच वीज घेत नाही. वीज लागते ती एसीला, आणि थोडीशी दिवे, पंखा, स्क्रीन यांना. छोट्या गाडीचा एसी कडक उन्हात एक ते दीड किलोवॅट घेतो, आणि आतली हवा एकदा गार झाली की त्याहून कमी. तीन तास पूर्ण जोर धरला, तरी हे सारे मिळून चार ते पाच युनिट होतात. १९ युनिटांच्या बॅटरीतून हा सुमारे पाव भाग झाला. सकाळी पूर्ण चार्ज करून निघालेला माणूस हिंजवडीच्या शिवाजी चौकात तीन तास अडकला, तर त्याची सहनशक्ती संपेल, बॅटरी नाही. उलट चढ-उतारांच्या आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रस्त्यावर ही गाडी वेग कमी होताना थोडी वीज परत बॅटरीत भरते. चांदणी चौकाच्या उतारावर पेट्रोल गाडी असे काही परत देत नाही.

बॅटरीच्या आयुष्याबद्दलचा मुद्दा जरा सविस्तर पाहायला हवा, कारण भीती तिथेच आहे. टियागो ईव्हीच्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतले जे आधी पूर्ण होईल तोवर हमी आहे. आपल्या उदाहरणातील नोकरदार महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० किलोमीटर चालतो. आठ वर्षांत ते साधारण १ लाख १५ हजार होतात, म्हणजे हमीची मर्यादा तो वर्षांनी ओलांडेल, किलोमीटरांनी नाही. रोज एक तृतीयांश बॅटरी वापरली, तर तीन दिवसांत एक पूर्ण आवर्तन (बॅटरी एकदा पूर्ण भरून रिकामी होणे) होते, वर्षात शंभराच्या आत. या गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे सेल आहेत आणि अशा सेलकडून दोन हजार किंवा अधिक आवर्तने अपेक्षिली जातात. तेव्हा ‘पाच वर्षांत संपते’ याला आधार नाही. तरीही दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. वापर कमी असला तरी वयाने आणि उष्णतेने बॅटरीची क्षमता हळूहळू घटतेच. आणि हमी संपल्यावर पूर्ण बॅटरी बदलण्याची वेळ आलीच, तर तो खर्च लाखांच्या घरात जातो, ज्याचा फटका जुनी गाडी विकतानाच्या भावालाही बसतो. म्हणून खरेदीआधी एक प्रश्न लेखी विचारावा : क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यास कंपनी हमीत बॅटरी बदलून देते? ‘आठ वर्षांची वॉरंटी आहे हो साहेब’ हे उत्तर पुरेसे नाही.

पाणी आणि आग हे दोन्ही मुद्दे चटकन निकालात काढता येतात. या गाड्यांच्या बॅटरीपेट्यांना सहसा आयपी-६७ दर्जाचे संरक्षण असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिल्यास आत पाणी शिरू नये, अशी चाचणी. साचलेल्या पाण्यातून हळू जाण्यास ते पुरते, पुरात उभे राहण्यास पुरत नाही. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणाच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तसे पाणी चढले तर गाडी कोणत्याही इंधनाची असो, ती दुरुस्तीलाच जाते. आगीबाबत संदेश जी धास्ती वापरतो ती मुख्यतः २०२२ मधील स्कूटरच्या आगींची आहे. त्यानंतर केंद्र सरकारने दुचाकी आणि चारचाकी अशा दोन्ही प्रकारच्या वाहनांच्या बॅटरीसाठी सुरक्षेची मानके कडक केली. घरच्या बाबतीत माझी काळजी वेगळी आहे : गाडी चार्ज करण्यासाठी खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेन्शन वायर. ती कोणीही वापरू नये.

कोळशाचा मुद्दा वरकरणी बिनतोड वाटतो, पण आकडे मांडले की त्याचे बळ ओसरते. आपल्याकडे एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चार्जिंगमधील गळती धरून पन्नास किलोमीटरांना भिंतीवरच्या प्लगमधून सात युनिट लागतात, म्हणजे किलोमीटरला सुमारे शंभर ग्रॅम, आणि वीजवाहिन्यांतील तूट धरल्यास एकशे पंधरा-वीस. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो वायू निघतो. शहरात लिटरला चौदा किलोमीटर देणाऱ्या गाडीचे १६५ ग्रॅम होतात, आणि तेल काढण्या-शुद्ध करण्याचा भार जोडला की दोनशेच्या जवळ. बॅटरी तयार करतानाचे उत्सर्जन किलोवॅट-तासामागे साठ ते शंभर किलो धरले, तरी पंधरा ते पंचवीस हजार किलोमीटरांत ते भरून निघते, म्हणजे आपल्या नोकरदाराच्या बाबतीत एक ते पावणेदोन वर्षांत. पुण्याच्या सार्वजनिक सेवेची, पीएमपीची, भरलेली बस याहून कितीतरी सरस आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण संदेशाची तुलना बसशी नव्हती, पेट्रोल गाडीशी होती.

आता पैसा. येथे संदेश चूक आहे, पण त्याला उत्तर देणारे उत्साही लोकही चुकतात. ‘युनिटला सात-आठ रुपये’ धरून ते हिशेब करतात. महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागते, आणि गाडीचे युनिट घराच्या युनिटांवर चढत असल्याने ते नेहमी वरच्या टप्प्यात पडतात. सात युनिट गुणिले चोवीस दिवस म्हणजे महिन्याला सुमारे १७० युनिट. दीडशे युनिट वापरणाऱ्या घरात सर्व आकारांसह युनिटला चौदा रुपये धरले, तर गाडीचे बिल २,४०० रुपये होते. घराचाच वापर तीनशेच्या पुढे असेल आणि युनिट अठरा रुपयांना पडत असेल, तर तीन हजार. पेट्रोलच्या गाडीला याच प्रवासासाठी ८६ लिटर लागतात, म्हणजे लिटरला १०४ रुपये धरून सुमारे ८,९०० रुपये. महिन्याला सहा हजारांच्या आसपास बचत होत असेल, तर बिल पाहून डोळे पांढरे होण्याचे कारण नाही.

मात्र खरी तुलना सीएनजीशी आहे, आणि ती दोन्ही पक्ष टाळतात. किलोला बावीस किलोमीटर आणि नव्वद रुपये भाव धरला, तर सीएनजी गाडीचा महिन्याचा खर्च ४,९०० रुपये येतो. म्हणजे इलेक्ट्रिक गाडीची बचत दोन-अडीच हजारांवर उतरते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिक गाड्यांवर तो आधीपासून ५ टक्केच होता, त्यामुळे किमतीतले अंतर वाढले. पेट्रोलच्या तुलनेत अडीच लाख जास्त मोजले, तर ते साडेतीन वर्षांत सुटतात. सीएनजीच्या तुलनेत दोन लाख जास्त मोजले, तर सात वर्षे लागतात. आणि ज्याचे जाणे-येणे रोज पंधराच किलोमीटर आहे, त्याची पेट्रोलच्या तुलनेतली बचतही महिन्याला दोन हजारांच्या आतच राहते. त्याचे अडीच लाख वसूल व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ जाईल. गंमत अशी की प्रवास जितका छोटा तितकी ही गाडी सोयीची, आणि तितकीच खिशाला न परवडणारी. रोज चाळीस ते ऐंशी किलोमीटर, हा तिचा खरा टापू आहे. संदेशाने हा मुद्दा मांडला असता तर मी त्याला दाद दिली असती.

‘गावी कसे जाणार?’ हा प्रश्न संदेशात नाही, पण चर्चेत हमखास निघतो. पुणे ते कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर आहे, तेव्हा वाटेत चार्ज करावेच लागेल, आणि कॉमेटच्या मूळ रूपात डीसी फास्ट चार्जिंगची, म्हणजे सार्वजनिक चार्जरवर झटपट चार्ज करण्याची, सोयच नाही. घरात दुसरी गाडी असेल, किंवा वर्षातून चार वेळा एसटी वा भाड्याची गाडी चालत असेल, तर हा प्रश्न उरत नाही. एकच गाडी सर्व कामांना हवी असेल, तर छोटी इलेक्ट्रिक घेऊ नये.

शेवटी ते अर्धे वाक्य. सोसायटी परवानगी देत नाही, हे सरसकट खरे नाही. राहत्या जागी, असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, आणि महावितरणकडे वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र दरवर्गही आहे. पण कागदावरची मुभा आणि पार्किंगमधला प्लग यांत बरेच अंतर असते. मीटर रूमपासून आपल्या जागेपर्यंत केबल कोणत्या भिंतीवरून जाणार, मंजूर भार पुरतो का, अर्थिंग नीट आहे का, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच) कोण बसवणार, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांची ‘आग लागली तर?’ ही शंका बैठकीत कोण दूर करणार, हे सर्व आधी सुटावे लागते. ते सुटले की पुढचे सोपे आहे : सोळा अँपियरच्या साध्या पॉइंटवर पन्नास किलोमीटरांची वीज अडीच-तीन तासांत भरते, रात्र पुरून उरते. ज्यांचे पार्किंग ठरावीक नाही, किंवा जे भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी पत्ता बदलतात, त्यांना सार्वजनिक चार्जरवर अवलंबून राहावे लागेल. तिथे युनिटला बावीस रुपये पडले, तरी खर्च पेट्रोलपेक्षा कमीच राहतो, पण आठवड्यातून दोन-तीनदा रांगेत आणि प्रतीक्षेत जाणारा वेळ कोणत्याही कोष्टकात बसत नाही. अशांना मी ही गाडी घ्या असे सांगणार नाही. बाकीच्यांनी सोसायटीचे ना-हरकत पत्र सही-शिक्क्यासह हातात पडेपर्यंत बुकिंगची रक्कम भरू नये.