एक तारा मिळाल्यावर : पादरा रोडच्या फॅब्रिकेशनवाल्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या ट्रान्सपोर्टला एक तारा देऊन तुम्ही मराठीतून झाडलंत, तेव्हा उत्तरही मराठीतच देतो. वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात अशी : भावनगरजवळच्या शिहोरहून बडोद्याकडे चार टन लोखंडी अँगल-पट्टी सोमवारी भरली, "उद्या पोचेल" असं आम्ही सांगितलं आणि माल उतरला शुक्रवारी. रोज फोन केलात की एकच उत्तर, "निकळी गई छे" (निघाली आहे). दोन वेल्डर दोन दिवस बसून राहिले. वर आम्ही पंधराशे रुपये हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याचा आकार, लावलं. आणि शेवटचा टोला : बडोद्याच्या मकरपुऱ्याला मालगाडीची नवी लाईन झाली तरी हे अजून ट्रकच हाकतायत.

हॉल्टिंगचं आधी. पंधराशे रुपये काल तुमच्या खात्यावर परत टाकले. गाडी गुरुवारी रात्री दहाला तुमच्या फाटकावर लागली, फाटक बंद, हमाल आले दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. ऑफिसातल्या मुलाने नियम बघितला आणि बिल फाडलं. पण रात्री दहाला कुणाच्या दारात गाडी उभी करायची आणि दार उघडलं नाही म्हणून पैसे मागायचे, ही आमचीच चूक.

आता उशिराचं. मी त्या गाडीचा सगळा हिशेब काढला. शिहोरहून ती बुधवारी रात्री नऊला सुटली आणि गुरुवारी सकाळी सातला बडोद्याच्या हायवेवर होती. म्हणजे सोमवार ते शुक्रवारात ती रस्त्यावर होती साधारण दहा तास. बाकी सगळा वेळ उभी. तुम्हाला वाटलं ड्रायव्हर झोपा काढत होता. त्या बिचाऱ्याने एका रात्रीत काम उरकलं होतं.

दोन दिवस गाडी शिहोरला उभी होती ती तुमच्या मालासाठी नाही, दुसऱ्याच्या मालासाठी. सहाचाकी गाडीचं मालासकट एकूण वजन २०१८ पासून १८.५ टनांपर्यंत चालतं, म्हणजे माल दहा टनांच्या आसपास बसतो. तुमचे चार टन. उरलेल्या जागेचा माल रोलिंग मिलमधून मंगळवारी मिळणार होता, तो वजनकाट्यावर आला बुधवारी संध्याकाळी. तुम्ही पार्ट लोडचं भाडं दिलंत आणि पार्ट लोडमध्ये हे असंच असतं : भाडं कमी, कारण उरलेली गाडी दुसरा कुणीतरी भरतो, आणि तो भरेपर्यंत सगळेच थांबतात. हे बुकिंगच्या वेळी सांगायचं सोडून आमचा माणूस "उद्या" म्हणून मोकळा झाला. गाडी अर्धी रिकामी हलवली असती तर फुल गाडीचं भाडं मागावं लागलं असतं, आणि मग तारा त्याबद्दल कापला गेला असता. असो.

"निकळी गई" का म्हणाले, तेही सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. ई-वे बिलाच्या (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या) भाग ब मध्ये गाडीचा नंबर भरला की मुदत सुरू होते, दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने. आमच्या मुलाने सोमवारीच नंबर भरून टाकला. कॉम्प्युटरवर गाडी 'निघाली', म्हणून फोनवरही निघाली. प्रत्यक्षात ती मिलच्या आवारातच होती आणि मुदत संपत आली म्हणून बिल वाढवून घ्यावं लागलं. तेही संपण्याच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर एवढ्याच वेळात करता येतं. आता सूचना अशी दिली आहे की गाडी काट्यावरून वजन करून बाहेर पडेपर्यंत नंबर भरायचा नाही, आणि फोन आला तर आधी ड्रायव्हरला विचारून गावाचं नाव सांगायचं.

मही नदीवरच्या गंभीरा पुलाचं कारण मी पुढे केलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ऑफिसातून तुम्हाला ते दिलं गेलं, त्याची लाज वाटते. पूल ९ जुलै २०२५ ला पडला, वीसेक माणसं गेली. आमच्या गाड्या १९८५ च्या त्या पुलावरून वर्षानुवर्षं गेल्या. तुटलेल्या पुलावर लटकलेला टँकर बघून आमच्या एका ड्रायव्हरने आठवडाभर स्टिअरिंगला हात लावला नाही. पण तुमचा माल होता नोव्हेंबरचा. चार महिने रस्ता बदललेला आम्हाला माहीत होता आणि वेळ मात्र जुनीच सांगत होतो. पूर्वी बोरसदहून मही ओलांडली की गाडी थेट पादऱ्यात उतरायची, बडोद्याला शिवायचीही नाही. आता वासदवरून हायवेने यायचं, आणि शहरातून जड गाडीला दिवसा बंदी, म्हणून कडेला संध्याकाळपर्यंत ताटकळायचं. तुमचा गुरुवार असा गेला.

मालगाडीबद्दल. न्यू मकरपुरा ते न्यू घोलवड ही २४४ किलोमीटरची लाईन मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, झकास आहे. पण तिचं तोंड दक्षिणेला आणि शिहोर खंभातच्या आखातापलीकडे. शिवाय एका कंटेनर गाडीला पंचेचाळीस वॅगन. त्यात तुमचे चार टन कुठे शोधू? त्यापेक्षा आखात ओलांडणारी घोघा–दहेज फेरीबोट टिकायला हवी होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा मी खूश होतो, दहेजहून जंबुसरमार्गे तुमचं दार जवळ. दहेजला गाळ साचला, खोली पुरेना, बंद पडली. घोघा–हजिरा चालते, पण हजिऱ्याला उतरून पुन्हा वर पादऱ्याला येणं परवडत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची, रागावू नका. पूल होता तेव्हा एका दिवसाचा अँगल शिलकीत ठेवून तुमचं भागायचं. आता पार्ट लोडने मागवणार असाल तर निदान पाच दिवसांचा ठेवा. पैसा अडकतो, मान्य, पण वेल्डर बसवण्यापेक्षा स्वस्त पडेल. ज्या आठवड्यात घाई असेल तेव्हा छोटी गाडी फुल घ्या; भाडं टनामागे जास्त बसेल, पण त्याच रात्री सुटेल.

शिहोरहून आमची पार्ट लोडची गाडी आता मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री सुटते, भरो न भरो. बुकिंगला चौथ्या दिवसाची तारीख लिहून देतो, आणि उतरवायला सकाळी दहानंतरच येतो. तुमच्या फाटकाची वेळ बदलली असेल तर तेवढी कळवा.