‘रेड लावलंय, मग बॅकअप कशाला?’ : होम स्टुडिओतल्या नॅसविषयीच्या सल्ल्याचा प्रतिवाद

घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांमध्ये नॅसविषयी, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्याविषयी, एक सल्ला सारखा पुढे पाठवला जातो. त्यातलं ‘रेड 1’ म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिण्याची पद्धत. त्याचं सार असं : ‘दोन डिस्कचा नॅस घ्या आणि रेड 1 लावा. एक डिस्क गेली तरी दुसरी असतेच, त्यामुळे वेगळ्या बॅकअपची गरज नाही. गिगाबिट केबल असली की प्रोजेक्ट आणि सॅम्पल लायब्ररी थेट नॅसवरून चालवा. नॅस टेबलाखाली बसतो. क्लाउड सिंक सुरू केलं की एक प्रत घराबाहेरही झाली. बाहेरगावाहून फाइली हव्या असतील तर राउटरवर पोर्ट उघडा.’

यातलं ‘नॅस घ्या’ एवढंच निर्धास्त मानण्यासारखं आहे. दुसरी प्रत ठेवायला नॅससारखी जागा नाही. पण हा सल्ला त्याच्यावर एकुलती एक प्रत ठेवायला सांगतो, आणि तिथेच घात होतो. मिक्स पुन्हा करता येतो, प्लगइन पुन्हा उतरवता येतं, पण गळा लागलेल्या दिवशीचा टेक पुन्हा मिळत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘रेड 1 असलं की बॅकअप नको’

एक डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठीच रेड असतं आणि ते काम ते चोख करतं. पण रेड 1 हा आरसा आहे. समोर जे होईल तेच तो दाखवणार. ऑडिओचा फोल्डर चुकून डिलीट झाला तर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. सॉफ्टवेअर क्रॅश होऊन प्रोजेक्ट फाइल अर्धवट लिहिली गेली, तर तीच अर्धवट फाइल दोन्हीकडे तंतोतंत उतरते.

स्टुडिओत सगळ्यात घातक ठरते ती ‘न वापरलेल्या फाइली काढून टाका’ ही आज्ञा. ती जवळपास प्रत्येक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये असते. ‘सेव्ह अ‍ॅज’ करून एका गाण्याची दोन प्रोजेक्ट झाली आणि दोघांचा ऑडिओ फोल्डर एकच राहिला, तर एकात केलेली सफाई दुसऱ्यातले टेक घेऊन जाते. हे कळतं काही महिन्यांनी, दुसरं प्रोजेक्ट उघडल्यावर. अशा वेळी ‘मागच्या मार्चमधला फोल्डर दाखव’ या मागणीला उत्तर देणारं काहीतरी हाताशी लागतं. रेडकडे ते उत्तर नाही, कारण त्याच्याकडे फक्त ‘आत्ता’ असतं.

शिवाय दोन्ही डिस्क एकाच डब्यात आणि एकाच पॉवर सप्लायवर. चोरी, आग, पाणी, विजेचा झटका, काहीही आलं तरी दोघींवर एकदमच येतं.

डिस्क बदलण्याच्या वेळचा धोका या सल्ल्यात येतच नाही. 8 टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी 150 एमबीच्या वेगाने पुन्हा भरायची तर साधारण 15 तास लागतात, आणि त्या काळात काम चालू ठेवलं तर आणखी जास्त. तेवढा वेळ उरलेली एकटी डिस्क, बहुधा त्याच वयाची आणि त्याच बॅचची, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. तिच्यातली दबलेली खोट बाहेर यायची हीच वेळ. डिस्क एसएमआर जातीची असेल तर हाल आणखी वाढतात. या जातीत चुंबकीय ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधला एक भाग बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आपल्या ‘रेड’ (Red, हे ब्रँडचं नाव, वरचं रेड नव्हे) मालिकेतल्या काही डिस्क याच जातीच्या आहेत, हे वेस्टर्न डिजिटलने एप्रिल 2020 मध्ये मान्य केलं होतं. विकत घेताना मॉडेल नंबरवरून डिस्क ‘सीएमआर’ (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या जातीची) असल्याची खात्री करा.

चुकून डिलीट झालेल्या फाइलींवरचा इलाज म्हणजे स्नॅपशॉट, फाइली त्या क्षणी जशा होत्या तशी जपलेली नोंद. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस फाइल सिस्टिम असलेल्या नॅसवर ते सुरू करा : दर तासाचे शेवटचे 24, रोजचे 30, महिन्याचे 6 ठेवा. ऑडिओसाठी हे फार स्वस्त पडतं, कारण एकदा रेकॉर्ड झालेली वेव्ह फाइल सहसा बदलत नाही, नवीन फाइली फक्त वाढत जातात. एकच ध्यानात ठेवा : स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतात. डबा गेला की तेही गेले.

‘गिगाबिट असेल तर सगळं थेट नॅसवरूनच’

इथे सल्ल्यातलं गणित बरोबर आहे, आणि म्हणूनच माणसं फसतात. 24 बिट, 48 किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला 144 केबी घेतो. असे 32 ट्रॅक म्हणजे 4.6 एमबी. 96 किलोहर्ट्झला 64 ट्रॅक चालवले तरी 18.4 एमबी. गिगाबिट केबल प्रत्यक्षात सेकंदाला 110 एमबीच्या आसपास देते. मग अडचण कुठे येते?

अडचण वेगाची नाही, वेळेवर पोचण्याची आहे. सॅम्पलर (लायब्ररीतले वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर, म्हणजे सॅम्पल, वाजवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा तुकडाच मेमरीत ठेवतो आणि बाकीचं वाजवता वाजवता डिस्कवरून ओढतो. तो तुकडा 60 केबीचा धरा. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ स्टिरिओला तो जेमतेम 0.2 सेकंद पुरतो. फिरत्या डिस्कला नवी जागा शोधून वाचायला सुमारे 10 मिलिसेकंद लागतात, म्हणजे त्या 0.2 सेकंदात साधारण 20 वाचनं होतात. आता पियानोवर पेडल दाबून दहा सूर एकदम वाजवा. लायब्ररीत प्रत्येक सूर तीन माइकनी वेगवेगळा रेकॉर्ड केलेला असेल आणि तिन्ही चालू असतील तर 30 वाचनं हवीत. सूर तुटणार, टिकटिक येणार, आणि त्याच वेळी नेटवर्कचा आलेख पाहिला तर केबल जवळजवळ रिकामी दिसेल. नवी महागडी केबल किंवा 2.5 गिगाबिटचा स्विच लावूनही हे सुटत नाही, याचं कारण हेच. आतली एसएसडी तेच वाचन एका मिलिसेकंदापेक्षा खूपच कमी वेळात करते.

ऑडिओ ट्रॅक वाजवणं त्यामानाने सोपं, कारण सॉफ्टवेअर आधीच पुढचं वाचून ठेवतं. पण नॅसची डिस्क झोपली असेल तर जागी होऊन फिरायला कित्येक सेकंद लागतात. मधेच स्क्रब (साठवलेला सगळा डेटा वाचून तपासणं) किंवा फोटोंची अनुक्रमणिका सुरू झाली तर वाचन रखडतं. वायफायवर तर हे करूच नका. तिथे हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवण्यात जाणारा वेळ आधी सांगता येत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना नेटवर्क ड्राइव्ह क्षणभर सुटला तरी टेक थांबतो. एकच प्रोजेक्ट दोन संगणकांवरून उघडलं तर शेवटी सेव्ह करणारा आधीच्याचं काम पुसून टाकू शकतो.

तेव्हा चालू गाणं आणि सॅम्पल लायब्ररी आतल्या किंवा यूएसबीने जोडलेल्या एसएसडीवर, आणि सेशन संपलं की प्रत नॅसवर. संपलेली प्रोजेक्ट, स्टेम (एकेका ट्रॅकच्या वेगळ्या काढलेल्या फाइली), संदर्भासाठी ठेवलेली गाणी, लायब्ररींचे इन्स्टॉलर हे सगळं नॅसवर खुशाल ठेवा.

‘नॅस टेबलाखाली ठेवा’

5400 आरपीएमची डिस्क सेकंदाला 90 फेरे घेते, 7200 ची 120. म्हणजे 90 किंवा 120 हर्ट्झची घुमी, जी लाकडी टेबलातून माइकच्या स्टँडपर्यंत पोचते. दोन डिस्कचा वेग किंचित वेगळा असला की ती घुमी हळूहळू कमीजास्त होत राहते, आणि असा हलता आवाज नॉइज रिडक्शनने काढणं फार अवघड जातं. हळुवार गिटार किंवा कुजबुजत्या आवाजाच्या टेकमध्ये ती स्पष्ट ऐकू येते. कॅट 6 केबल 100 मीटरपर्यंत चालते, तेव्हा नॅस दुसऱ्या खोलीत न्या, खाली रबराचे पाय द्या, बंद कपाटात मात्र कोंडू नका. केबल बिनशिल्डची घ्या. इथरनेटच्या जोडणीत ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे दोन यंत्रांचं अर्थिंग तिच्यातून जोडलं जात नाही. शिल्डवाली केबल दोन्ही टोकांना धातूने जोडली गेली तर मात्र ग्राउंड लूपची गुणगुण येऊ शकते. जोडीला यूपीएस हवाच, आणि त्याची यूएसबी वायर नॅसला लावलेली हवी, म्हणजे वीज गेल्यावर नॅस स्वतः नीट बंद होतो.

‘क्लाउड सिंक म्हणजे घराबाहेरची प्रत’

सिंक हाही आरसाच, फक्त लांबचा. इथे डिलीट केलेलं तिथेही डिलीट होतं. काही सेवा जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवस ठेवतात, पण वर सांगितलेली चूक काही महिन्यांनी लक्षात येते. सेवा देणाऱ्याकडेही फाइली हरवतात : सर्व्हर बदलताना मायस्पेस या सोशल नेटवर्कवरची 2015 पर्यंतची गाणी गेल्याचं 2019 मध्ये जगजाहीर झालं, आणि ज्यांची एकमेव प्रत तिथे होती त्यांतल्या बहुतेकांची गाणी कायमची गेली.

बाहेरची प्रत हवी ती आवृत्त्या राखणाऱ्या बॅकअपची. रेस्टिक आणि बोर्ग ही त्यासाठीची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, एन्क्रिप्ट करतात आणि फक्त बदललेला भाग पाठवतात. पासवर्ड कागदावर लिहून स्टुडिओबाहेर ठेवा. तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा. पहिल्या वेळी धीर लागतो : सेकंदाला 20 मेगाबिट (मेगाबाइट नव्हे) अपलोडवर 500 जीबी जायला सव्वादोन दिवस आणि 2 टीबीला नऊ दिवसांहून जास्त. तेवढा अपलोड नसेल तर दोन यूएसबी हार्ड डिस्क आलटून पालटून वापरा. एक नॅसला, दुसरी विश्वासातल्या माणसाच्या घरी, दर आठवड्याला अदलाबदल. ही डिस्क एसएसडी नसावी. वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिलेल्या एसएसडीतला डेटा टिकेल याचा भरवसा नसतो.

‘राउटरवर पोर्ट उघडा’

उघडू नका. पोर्ट उघडणं म्हणजे इंटरनेटवरून नॅसपर्यंत थेट वाट देणं. ऑगस्ट 2014 मध्ये सायनॉलॉजीच्या नॅसवर सायनोलॉकर, एप्रिल 2021 मध्ये क्यूनॅपवर क्यूलॉकर, जानेवारी 2022 पासून पुन्हा क्यूनॅपवर डेडबोल्ट. हे सगळे रॅन्समवेअरचे (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचे) हल्ले इंटरनेटला उघड्या असलेल्या नॅसवरच झाले आणि फाइली ओलीस धरल्या गेल्या. बाहेरून यायचं तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या एन्क्रिप्टेड बोगद्यातून, या. राउटरवरची यूपीएनपी ही सोय बंद करा, नाहीतर नॅस स्वतःच पोर्ट उघडून घेऊ शकतो. बॅकअपच्या फोल्डरवर स्टुडिओच्या संगणकाला लिहिण्याचा हक्कच देऊ नका. नॅसनेच संगणकावरून प्रत ओढून घ्यावी. मग संगणकात रॅन्समवेअर शिरलं तरी त्याचा हात जुन्या आवृत्त्यांपर्यंत पोचत नाही.

मग कॉपी नेमकी कशाची करायची?

या प्रश्नाला सल्ल्याने हातच घातलेला नाही. प्रोजेक्ट फाइल म्हणजे पत्त्यांची यादी. ऑडिओ डेस्कटॉपवर, डाउनलोडमध्ये, कुठेही पडलेला असतो. कॉपीआधी तो एका जागी गोळा करा : एबलटनमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’, क्यूबेसमध्ये ‘प्रिपेअर आर्काइव्ह’, प्रो टूल्समध्ये ‘सेव्ह कॉपी इन’ करताना ऑडिओ फाइलींवर खूण, रीपरमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना मीडिया कॉपी करण्याची खूण. मॅकवर टाइम मशीनच्या भरवशावर असाल तर त्याची वगळलेल्या डिस्कची यादी पाहा. बाहेरून जोडलेली एसएसडी सहसा तिथेच सापडते.

गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅकचा स्टेम पहिल्या बारपासून 24 बिट वेव्हमध्ये काढा, सोबत मिडी आणि टेम्पोची नोंद. दहा वर्षांनी प्लगइन चालणार नाही, वेव्ह चालेल.

फाइलींची नावं देवनागरीत ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिलं जातं : एक अखंड, दुसरं ‘र’ अधिक नुक्ता. जुन्या मॅक फाइल सिस्टिमवर ते फोडून साठवलं जातं. त्यामुळे ‘वाऱ्याची झुळूक’ नावाचा फोल्डर नॅसवर दोनदा दिसू शकतो, आणि सॉफ्टवेअर ‘फाइल सापडत नाही’ म्हणतं. शिवाय देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, 3 बाइट घेतं. बहुतेक लिनक्स नॅसवर नावाची मर्यादा 255 बाइट, म्हणजे 85 चिन्हं. ईक्रिप्टएफएसने एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्ये ती 143 बाइट, म्हणजे जेमतेम 47. लांबलचक नावाची फाइल तिथे कॉपीच होत नाही, आणि बॅकअपच्या अहवालात तिची एक ओळ येते, जी कोणी वाचत नाही. ती वाचा.

दर तीन महिन्यांनी एक गाणं बॅकअपमधून परत आणा. परत आणताना मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, नाहीतर सॉफ्टवेअर गुपचूप जुन्या जागेवरच्या फाइली उचलतं आणि तपासणी खोटी ठरते. मग परत आणलेली आणि मूळ वेव्ह दोन ट्रॅकवर एकाच ठिकाणी लावा, एकीची पोलॅरिटी उलटवा (लाट उलटी झाली की सारख्या लाटा एकमेकींना खोडतात) आणि एकत्र वाजवा. फाइली सारख्या असतील तर मीटर हलणार नाही. ही परीक्षा कच्च्या टेकवर घ्या, पूर्ण मिक्सवर नको. कोरस आणि काही रिव्हर्ब हे इफेक्ट दर वेळी थोडे वेगळे वाजतात, त्यामुळे बॅकअप ठणठणीत असूनही मिक्समध्ये काहीतरी ऐकू येतं.